चारशे दहा आणि चारशे दहा-अ

तक्ता क्रमांक तीन, मुद्दा सतरा. हातात धरल्यावर कसे वाटते? पहिला रकाना : धरल्यासारखे. दुसरा रकाना : शेजारच्याप्रमाणे.

नखाएवढी एक निळी तार. तिच्या बाजूला नखाएवढी पिवळी.

दोन घरांच्या मधल्या भिंतीतून बावीस वर्षांपूर्वी काढलेल्या दोन विटा अजून मागच्या अंगणात पडून आहेत.

पंपवाल्याने वहीत शेरा लिहिला, 'आवाज स्पष्ट. तळमळही पोहोचली.' मग त्याने पेनाला टोपण लावलं.

शनिवारी संध्याकाळी दोन माणसं दोन वेगळ्या रस्त्यांनी चष्म्याच्या एकाच दुकानात गेली.

*

हे सगळं जोडायचं तर सुरुवात दोन टेबलांपासून करावी लागेल. पाणीपुरवठा खात्याच्या दुरुस्तीच्या खोलीत ती समोरासमोर होती. एकावर थोरले बसत, दुसऱ्यावर धाकटे. दोघे एकमेकांचे साडू. थोरल्यांची बायको ती ताई, धाकट्यांची बायको ती छोटी, आणि या दोघी सख्ख्या बहिणी. खात्याच्या पगारपत्रकात त्यांची नावं काहीही असोत, शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना थोरले आणि धाकटे असंच म्हणत.

टाकीवरची, पंपावरची आणि गल्लोगल्लीच्या वॉल्व्हवरची माणसं वॉकीटॉकीवर एकमेकांशी बोलत. कागदोपत्री त्याला हस्तधारित बिनतारी संच म्हणत, दोन्ही साडू नुसतं 'सेट' म्हणत. मॉडेलं दोन होती, चारशे दहा आणि चारशे दहा-अ. प्रत्येकाचे बारा सेट. चारशे दहाचे मेकॅनिक थोरले. पुढे चारशे दहा-अ आलं तेव्हा खात्याने ठरवलं की नवं मॉडेल म्हणजे नवा मेकॅनिक पाहिजे. जागा निघाली. थोरल्यांनी मेहुणीसाठी हेरून ठेवलेला मुलगा त्या जागेवर चिकटवला आणि महिन्याभरात लग्न लागलं. धाकट्यांचा संसार हा असा एका अक्षरावर उभा होता.

थोरल्यांनी नव्या मॉडेलचा सेट आल्या दिवशीच उघडून पाहिला होता. धाकट्यांनी कामावर रुजू झाल्या दिवशी पाहिला. आत सगळं सारखंच. फरक होता तो दोन तारांचा. चारशे दहामध्ये निळी तार जोडलेली आणि पिवळी तोडलेली, त्यामुळे आपण बोललेलं चार-पाच किलोमीटर जायचं, पण समोरच्याचं बोलणं डास गुणगुणल्यासारखं ऐकू यायचं. चारशे दहा-अमध्ये बरोबर उलट. ऐकताना कानठळ्या बसायच्या, पण आपण बोललेलं पहिल्या वळणापुढे जायचं नाही. दोन्ही तारा जोडल्या तर सेट इस्त्रीसारखा तापायचा आणि अर्ध्या तासात बॅटरी मान टाकायची. म्हणून कंपनीने एकेक तार तोडून एकाच यंत्राची दोन यंत्रं केली होती.

बाहेरून तर तेवढाही फरक नव्हता. मॉडेलचा क्रमांक असायचा सेटच्या पाठीवर, आणि पाठ म्हणजे खटकन निघणारी बॅटरी. बॅटऱ्याही सारख्याच, छापलेला आकडा तेवढा वेगळा. थोरल्यांनी घरी हे सांगितलं तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, "म्हणजे माणसाचं नाव टोपीवर लिहायचं."

बावीस वर्षांत या विषयावर साडवा-साडवांत चकार शब्द झाला नव्हता. उलट बाहेरचं कोणी आलं की थोरले म्हणत, 'अ'ला हात लावायची आपली छाती नाही, ते धाकट्यांनीच करावं. धाकटे म्हणत, भाऊजींचं चारशे दहा म्हणजे जुन्या घडणीचं काम, आपण उघडूसुद्धा नये. आपल्या बारा सेटांतला कुठलाही सेट आपण डोळे मिटून ओळखू, असं दोघेही छातीठोकपणे सांगत. कोणी डोळे मिटायला लावले नाहीत, म्हणून ते खरं होतं.

*

तक्ता क्रमांक एक, मुद्दा चार. रंग. पहिला रकाना : काळा. दुसरा रकाना : काळाच, पण नंतर खरेदी केलेला.

*

मग नवे साहेब आले. त्यांना तुलना आवडायची. आल्या आठवड्यात त्यांनी दोन कपाटांची तुलना करून एक काढून टाकलं होतं आणि त्यातल्या फायली अजून जमिनीवर होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दोन मॉडेलं पाहिली. एका खात्यात एकाच कामाला दोन मॉडेलं कशाला? शनिवारी टाकीवर चाचणी घेऊन एकेचाळीस मुद्द्यांवर तुलना करायची, सरस मॉडेल ठेवायचं, आणि दुसरं त्याच्या मेकॅनिकसकट धरणावरच्या केंद्रात पाठवायचं, असा आदेश निघाला. धरण बसने सहा तासांवर होतं. बदली कायमची होती.

साहेबांची आणखी एक पद्धत होती. समोरच्या माणसाकडे जे नाही तेच महत्त्वाचं आहे, असं ते प्रत्येकाला सांगत. त्यामुळे माणूस वचकून राहतो, असा त्यांचा अनुभव होता. बुधवारी त्यांनी थोरल्यांना बोलावलं. "रेंज आहे तुमच्याकडे, मान्य. पण ऐकूच आलं नाही तर लांब पोहोचून उपयोग काय? मी आवाजाला निम्मे मार्क ठेवतोय." थोरले मान हलवून बाहेर आले. अर्ध्या तासाने धाकटे आत गेले. त्यांना साहेब म्हणाले की आवाज काय भोंग्यालाही असतो, बोलणं किती लांब जातं ते मी बघणार, निम्मे मार्क त्यालाच.

म्हणजे त्या दिवशी दोघांनाही एकच गोष्ट कळली, की आपण हरणार. आणि दोघांनाही उपायही एकच ठाऊक होता. तो नखाएवढा होता.

*

इथे भिंतीबद्दल सांगायला हवं. दोघांची घरं एकमेकांना चिकटून होती. छोटी लग्न होऊन शेजारी राहायला आली त्या आठवड्यात ताईंनी नवऱ्याकडून स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या दोन विटा काढून घेतल्या. त्या भोकाला घरात खिडकी म्हणत. त्यातून ताटल्या जात, थर्मामीटर जाई, कात्री जाई, बाळंतपणात औषधाची बाटली गेली होती, आणि भांडण झालं की एका बाजूने उशी लावली जाई. ती उशी बावीस वर्षांत एक दिवसाच्या वर टिकली नव्हती. बदली कोणाचीही झाली तरी त्या खिडकीच्या पलीकडे कोणी परका माणूस राहायला येणार होता, आणि पहिल्याच दिवशी तो गवंड्याला बोलावणार होता.

गुरुवारी थोरले बारा सेट पिशवीत भरून 'सफाईसाठी' घरी घेऊन आले. खोलीत समोर साडू बसलेला असताना सेटच्या पोटात हात घालणं शक्य नव्हतं. धाकटेही त्याच विचाराने अर्ध्या तासाने निघाले, त्यांच्या पिशवीतही बारा सेट होते. थोरल्यांनी दार लावून निळ्या तारा तोडायला आणि पिवळ्या जोडायला घेतल्या. भिंतीपलीकडे धाकटे पिवळ्या तोडून निळ्या जोडत होते. दोघांनीही आपापल्या बायकोला सगळं समजावून सांगितलं, आपणच कसे जिंकणार तेही सांगितलं, आणि तुझ्या बहिणीला यातलं काही बोलू नकोस, अशी शपथ घातली.

दोघी बहिणींनी शपथ तंतोतंत पाळली. कोणी काही सांगितलं नाही. फक्त विचारलं.

"ताई, तुमच्याकडे काही जळतंय का गं?"

"हे टेबलावरचा दिवा दुरुस्त करताहेत. तुमच्याकडून पण वास येतोय."

"आमच्याकडे पण दिवाच."

"किती दिवे आहेत?"

"बारा," छोटी म्हणाली.

ताईंनी हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आमच्याकडे पण."

त्यानंतर खिडकीतून एक रिकामी वाटी गेली आणि साखर भरून परत आली. ती घेता घेता ताईंनी विचारलं, "एक जिंकला की दुसरा धरणावर, असंच ना?"

"असंच."

"आणि कोणी जिंकलंच नाही तर?"

छोटीने साखरेचा डबा बंद केला. पण त्या दिवशी खिडकी उशिरापर्यंत उघडी होती.

शुक्रवारी दुपारपर्यंत दोघांचं काम संपलं. बारा-बारा सेट ओळीने मांडून, बॅटऱ्या लावून, पुसून तयार. तीन वाजता साहेबांनी दोघांना ऑफिसात बोलावलं. तक्त्यांच्या एकेचाळीस मुद्द्यांखाली 'मुद्दे वाचले' अशी सही करायची होती. सह्या एकेचाळीसच होत्या, पण प्रत्येक सहीनंतर साहेब शाई वाळू देत. साडेचारला दोघे घरी परतले, सेट आपापल्या खोक्यात भरले आणि रात्री शांत झोपले.

*

तक्ता क्रमांक चार, मुद्दा छत्तीस. आणीबाणीच्या प्रसंगी उपयुक्तता. दोन्ही रकाने : चाचणीच्या दिवशी पाहून भरावे.

*

टाकी टेकडीवर होती, पंप खाली चार किलोमीटरवर. शनिवारी सकाळी टाकीच्या भिंतीला टेकून टेबल लावलं, त्यावर तक्ते, तक्त्यांवर दगड. साहेब खुर्चीत बसले. टाकीवर नेमणुकीला असलेला वॉल्व्हवाला एक-एक सेट उचलून त्यात चाचणीचं वाक्य बोलणार होता. वाक्य साहेबांनी ठरवलं होतं, सोपं आणि खात्याच्या कामातलं : 'पंप बंद करा.' दर दोन मिनिटांनी पंपवाला आपल्या मोठ्या सेटवरून 'ऐकू आलं' किंवा 'काही आलं नाही' असं कळवणार आणि वहीत नोंद करणार होता. चाचणीमुळे गावाचं पाणी बंद पडू नये म्हणून त्याला लेखी सूचना गेली होती : दुपारी बारापर्यंत सेटवर येणारे प्रत्येक वाक्य हे चाचणीचे समजावे. त्यावर कृती करू नये. फक्त नोंद करावी.

थोरल्यांच्या खोक्यातला पहिला सेट निघाला. वॉल्व्हवाला बोलला. दोन मिनिटं झाली आणि सेटमधून पंपवाल्याचं 'काही आलं नाही' इतक्या मोठ्याने आलं की टाकीवरचे कावळे उडाले.

"आवाज आहे," साहेब म्हणाले. थोरल्यांनी नम्रपणे जमिनीकडे पाहिलं.

दुसरा सेट. दोन मिनिटं झाली. सेटमधून काहीतरी किरकिर आली. वॉल्व्हवाल्याने सेट कानात जवळजवळ खुपसला आणि सांगितलं, "ऐकू आलं म्हणतोय. पण फार लांबून म्हणतोय."

थोरल्यांनी जमिनीकडून नजर उचलली. तिसरा सेट गर्जला. चौथा किरकिरला. पाचवा पुन्हा किरकिरला. समोर धाकटे खुशीत नव्हते, कारण पुढचं खोकं त्यांचं होतं आणि साडवाच्या सेटना काय झालंय तेच त्यांना समजत नव्हतं. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांचे पहिले दोन सेट ठरल्याप्रमाणे लांब बोलले आणि हळू ऐकू आले. तिसऱ्याने कावळे उडवले.

साहेबांनी विचारलं, एकाच खोक्यातले सेट असे वेगवेगळे कसे वागतात? थोरले म्हणाले, हवेत दमटपणा आहे. धाकटे म्हणाले, ऊन कोरडं आहे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

अकराच्या सुमारास बेरीज झाली. चारशे दहाचे सहा सेट लांब बोलणारे, सहा मोठ्याने ऐकवणारे. चारशे दहा-अचे सहा लांब बोलणारे, सहा मोठ्याने ऐकवणारे. साहेबांनी बेरीज दोनदा केली. बरोबरीसाठी तक्त्यात रकाना नव्हता. त्यांनी पुन्हा पहिल्या सेटपासून सुरुवात करायला सांगितलं.

वॉल्व्हवाला खाकरला. "साहेब, टाकी भरत आलीय."

साहेब म्हणाले की चाचणी चालू आहे.

"चाचणी चालू आहे, पण पंपही चालू आहे ना. एरवी मी या वेळेला पंप बंद करायला सांगतो."

"मग सांगा की. तेच वाक्य आहे."

वॉल्व्हवाल्याने हाताला लागलेला सेट घेऊन सांगितलं. दोन मिनिटांनी सेट गर्जला, काही आलं नाही. त्याने दुसरा सेट घेतला. "पंप बंद कर बाबा. हे चाचणीचं नाही, खरंखुरं सांगतोय. टाकी भरली. वरून पाणी येईल. तुझ्या पाया पडतो, बंद कर." दोन मिनिटं गेली. मग किरकिर आली. त्याने ती ऐकून साहेबांना सांगितली, "आवाज स्पष्ट आहे म्हणतो."

टाकीच्या काठावरून पाण्याची पहिली धार थोरल्यांच्या खांद्यावर आली. साहेबांनी सेट स्वतःच्या हातात घेतला आणि हुद्द्यासकट आपली ओळख सांगून पंप बंद करण्याचा आदेश दिला. पंपवाल्याने वेळ पाहिली, वहीत लिहिलं, 'साहेबांचा आवाज हुबेहूब', आणि पुढच्या ओळीवर आकडा घातला. लेखी सूचना त्याच्यासमोर भिंतीवर चिकटवलेली होती. खाली सहीही साहेबांचीच होती.

पाणी टेबलावर आलं. दगड जागेवर राहिले आणि त्यांच्याखालच्या तक्त्यांवरून शाई वाहत टेकडी उतरली. धाकटे खोकी उचलायला धावले, थोरले खोकी उचलायला धावले, दोघांनी एकच खोकं धरलं आणि सोडलं. साहेब खुर्चीवर उभे राहून घड्याळाकडे बघत होते. बरोबर बारा वाजता सूचनेची मुदत संपली आणि पंपवाल्याने, आता टाकी भरली असेल असा स्वतःच अंदाज करून, पंप बंद केला.

*

त्या दुपारी दुरुस्तीच्या खोलीत दोन्ही साडू पाठीला पाठ लावून बसले. टेबलं समोरासमोर असताना हे सोपं नव्हतं. थोरल्यांनी किरकिरणारा एक सेट उघडला. आपण तोडलेली निळी तार जोडलेली होती. सोल्डरचा थेंब मोहरीएवढा, गोल, चकचकीत. थोरल्यांचे थेंब आयुष्यभर चिंचोक्याएवढे पडत आले होते. हात एवढा सुधारला आणि आपण भलतीच तार जोडली, म्हणजे डोळेच गेले. धाकट्यांनी गर्जणारा सेट उघडला तर त्यात पिवळ्या तारेवर चिंचोका होता. त्यांच्या मते त्यांचा हातही गेला होता आणि डोळेही.

संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातल्या बाकावर थोरले बसले होते तेव्हा दार ढकलून धाकटे आत आले. परत फिरायला उशीर झाला होता.

"तुम्ही इकडे कुठे, भाऊजी?"

"काडी सैल झालीय चष्म्याची."

"माझीपण."

धाकट्यांना चष्मा नव्हता. थोरल्यांनी सरकून जागा दिली. आत कोणीतरी भिंतीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होतं. बऱ्याच वेळाने धाकटे म्हणाले, "भाऊजी, खरं सांगू? तुमचं चारशे दहा मी एकदा उघडलं होतं. पहिल्याच दिवशी."

"माहितेय," थोरले म्हणाले. "स्क्रू उलटा लावला होतास. मी सुलटा केला."

"मग बोलला नाहीत कधी?"

"लग्नाची तारीख ठरली होती तुझी."

आतून पुढच्या माणसाला बोलावलं. आधी तू जा, आधी तुम्ही जा, यात तिसराच माणूस आत गेला. दोघांपैकी कोणी तारांबद्दल काही बोललं नाही. पण निघताना थोरल्यांनी सांगून टाकलं की साहेबांना धरणावर एक जण पाठवायचाच असेल तर आपण जाऊ, आपली दोनच वर्षं राहिलीत. धाकटे म्हणाले, ते शक्य नाही, छोटी ऐकायची नाही, आपणच जाऊ. यावर रस्त्यात त्यांचं चांगलं भांडण झालं आणि दोघे एकाच रस्त्याने घरी आले.

साहेबांचा अहवाल बुधवारी आला. तक्त्यांवरची शाई वाहून गेल्यामुळे तो पंपवाल्याच्या वहीवरून लिहिला होता. त्यात म्हटलं होतं की दोन्ही मॉडेलांतील प्रत्येक संचाचा स्वभाव स्वतंत्र आढळतो, तो केवळ दीर्घ अनुभवाने ओळखता येतो, सबब दोन्ही यांत्रिकांना जागेवरून हलवणे खात्याच्या हिताचे नाही. दोन यांत्रिक अपुरे पडत असल्याने तिसरे पद निर्माण करावे, अशी शिफारसही होती. मुद्दा छत्तीस, आणीबाणीच्या प्रसंगी उपयुक्तता, यापुढे दोन्ही रकान्यांत 'उत्तम, तळमळीसह' असं होतं.

दोघांनी आपापल्या घरी बातमी सांगितली. धाकट्यांना बायकोला कबूल करावं लागलं की आपलं काम चुकलं, बारापैकी सहा सेट बिघडवले, तेवढ्यामुळे वाचलो.

"सगळे तर नाही ना बिघडवले," छोटी म्हणाली आणि खिडकीतून ताईंची ताटली परत दिली.

शुक्रवारी दुपारी तीन ते चार या वेळात त्या खिडकीतून सहा सेट इकडून तिकडे गेले आणि सहा तिकडून इकडे आले. बॅटऱ्या जागच्या जागी राहिल्या.